अर्ध्या पुस्तकाचा खटला: मिशाएल एंडे आणि ‘पळपुटा’ हा शिक्का

२०२४ च्या मार्चमध्ये बातमी आली की ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ या जर्मन कादंबरीवर पुन्हा सिनेमे निघणार, एक नाही तर अख्खी मालिका, आणि मग जिकडेतिकडे तोच जुना पांढरा लोकरीचा ड्रॅगन फिरायला लागला. ठीक आहे, लहानपणीच्या आठवणी असतात लोकांच्या. पण ज्या माणसाने, मिशाएल एंडेने, ते पुस्तक लिहिलं त्याला तो १९८४ चा सिनेमा डोळ्यांसमोर नको होता. तो कोर्टात गेला आणि हरला. ही गोष्ट नेहमी ‘लेखक असतातच चिडके, पुस्तक वेगळं सिनेमा वेगळा’ अशा सुरात सांगून संपवली जाते. मला ते पटत नाही. त्या भांडणाची मुळं सिनेमाच्या पंधराएक वर्षं मागे जातात, एका शिवीपर्यंत, म्हणून हे टिपण.

मिशाएल एंडेचा जन्म १२ नोव्हेंबर १९२९ चा, बव्हेरियात आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या गार्मिशमधला. वडील चित्रकार, सरिअलिस्ट म्हणतात त्यातले, म्हणजे स्वप्नासारखी चित्रं काढणारे. नाझींनी १९३६ मध्ये त्यांची चित्रं ‘विकृत कला’ म्हणून बंद करून टाकली, आणि १९४४ मध्ये म्युनिकवर बॉम्ब पडले त्यात स्टुडिओ जळून अडीचशेच्या वर चित्रं आणि रेखाटनं खाक झाली. पुढच्या वर्षी पोराला भरतीचा कागद आला. वय पंधरा. त्याने तो कागद फाडला आणि रातोरात पायी म्युनिकची वाट धरली. (हे पळणं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) युद्ध संपल्यावर अभिनयाचं शिक्षण, फिरत्या नाटक कंपनीतली किरकोळ कामं, रेडिओसाठी सिनेमाची परीक्षणं, म्हणजे थोडक्यात पैशाची बोंब. याच काळात तो सिसिलीला गेला असताना पालेर्मोच्या चौकात त्याने कथा सांगणारे लोक बघितले, गर्दी जमवून जुन्याच गोष्टी रंगवून सांगणारे, आणि शंभर वर्षांनी आपली गोष्टही कोणीतरी अशी चौकात उभं राहून सांगावी हे त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

मग ‘जिम क्नोप्फ’. चित्रकार मित्राला एका चित्रपुस्तकासाठी थोडा मजकूर हवा होता आणि याने पहिलं वाक्य लिहिलं की लुकास नावाचा इंजिन ड्रायव्हर ज्या देशात राहायचा तो देश फार छोटा होता. पुढे काय होणार हे लिहिताना त्यालाच माहीत नव्हतं, एका वाक्यातून दुसरं निघत गेलं आणि बाड पाचशे पानांच्या आसपास गेलं. दहाच्या वर प्रकाशकांनी ते परत पाठवलं. शेवटी श्टुटगार्टच्या एका बालसाहित्यवाल्या प्रकाशनाने १९६० मध्ये काढलं आणि १९६१ मध्ये त्याला जर्मनीचं बालसाहित्यासाठीचं मोठं पारितोषिक मिळालं. तेव्हा घरमालकिणीने सात महिन्यांच्या थकलेल्या भाड्यासाठी त्याच्यावर दावा ठोकला होता, म्हणजे पारितोषिकाचे पैसे कुठे गेले असतील ते सांगायला नको.

आता पुस्तकात काय आहे? पार्सलमधून आलेला एक काळा मुलगा, दोन डोंगरांएवढाच देश, एमा नावाचं वाफेचं इंजिन, लांबून राक्षसाएवढा दिसणारा पण जवळ आलं की साध्या माणसाएवढा होणारा एक बिचारा म्हातारा, आणि ड्रॅगनांचं शहर, जिथे शुद्ध वंशाचा नसलेला ड्रॅगन आत आला तर त्याला मृत्युदंड अशी पाटी आहे. ज्या माणसाचं बालपण नाझी शाळांत गेलं त्याने अशी पाटी कुठून आणली हे कळायला समीक्षक असायची गरज नाही. तरीपण समीक्षकांना ते बराच काळ दिसलं नाही. अलीकडे, २००९ च्या आसपास, एका जर्मन पत्रकार बाईंनी हे सगळं नीट मांडलं, जिमचं नाव डार्विनच्या जहाजावरच्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या टिएरा देल फुएगोहून उचलून आणलेल्या जेमी बटन नावाच्या मुलाशी जोडून दाखवलं, तेव्हा कुठे लोक म्हणाले अरेच्चा.

साठचं दशक संपता संपता जर्मनीत हवाच बदलली. विद्यार्थी रस्त्यावर, आईबाप नाझी काळात काय करत होते हा प्रश्न घराघरात, आणि साहित्याने काय करायचं तर समाज बदलायचा. मुलांच्या पुस्तकांनीसुद्धा. पुस्तकात कामगाराचं घर पाहिजे, घटस्फोट पाहिजे, शाळेतली दादागिरी पाहिजे. यात चूक काही नव्हती, काही पुस्तकं फार चांगली निघाली. पण यात एंडे कुठे बसणार? त्याच्यावर शिक्का बसला ‘एस्केपिस्ट’. आपल्याकडे पलायनवादी म्हणतात, ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ या भांडणात वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द. मी सरळ पळपुटा म्हणतो, कारण त्या शब्दात जो तिरस्कार आहे तो पळपुट्यातच नीट येतो.

हा शब्द गुंत्याचा आहे. त्यात दोन आरोप एकत्र कोंबलेत. एक, तू खोटं जग दाखवतोस. दोन, तू वाचकाला तिथेच ठेवतोस, परत येऊ देत नाहीस. पहिला आरोप कुठल्याही परीकथेवर करता येतो, त्यात दम नाही. दुसरा मात्र खरा प्रश्न आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या इंग्रज प्रोफेसरने, टोल्किनने, फार आधीच म्हणून ठेवलं होतं की कैद्याचं तुरुंगातून सुटणं आणि शिपायाचं रणांगणातून पळणं यात लोक गल्लत करतात. गंमत बघा, एंडे तर खरोखरच सैन्यातून पळालेला माणूस, आणि तेव्हा पळून जाणं हेच एकमेव शहाणपण होतं. ज्यांनी त्याला पळपुटा म्हटलं त्यांना हे सुचलं कसं नाही कळत नाही.

एंडेने फार वाद घातला नाही, १९७१ मध्ये बायकोबरोबर इटलीत निघून गेला. रोमजवळ जेन्झानोला घर, घराचं नाव ‘युनिकॉर्नचं घर’. बायको अभिनेत्री होती, आणि त्याचं लिखाण पहिल्यांदा वाचणारी, नाही आवडलं तर तोंडावर सांगणारी. तिथेच ‘मोमो’ पूर्ण झालं, १९७३ मध्ये आलं, १९७४ मध्ये पुन्हा तेच पारितोषिक. (मोमो म्हटलं की आपल्याकडे आता लाल चटणी आठवते, त्याला इलाज नाही.) राखाडी कपड्यातली, सिगार ओढणारी माणसं लोकांना वेळ वाचवून बँकेत टाकायला लावतात आणि लोकांकडे वेळच उरत नाही, ही गोष्ट वास्तवापासून पळणारी आहे असं म्हणायला खरंच धाडस लागतं. त्यामागे पैसाही दुधासारखा जुना होऊन नासावा, साठवता येऊ नये, असा एक आर्थिक विचार होता असं त्याने नंतर मान्य केलं आणि जपानी टीव्हीने त्यावर १९९९ मध्ये डॉक्युमेंटरी केली. पण तो वेगळा विषय आहे.

१९७७ मध्ये प्रकाशक घरी आला, म्हणाला नवीन काहीतरी दे. एंडेकडे सुचलेल्या कल्पनांच्या चिठ्ठ्यांचा एक बुटांचा खोका होता, त्यातून निघालेल्या एका चिठ्ठीवर एवढंच होतं की एक मुलगा वाचता वाचता अक्षरशः पुस्तकात शिरतो आणि त्याला बाहेर पडणं अवघड जातं. एंडे म्हणाला शंभर पानात होईल. लागली दोनेक वर्षं, कारण लिहिताना त्यालाच कळेना की हा पोरगा बास्टियान बाहेर यायचा कसा. थोडं थांबून बघा, म्हणजे समीक्षकांचा दुसरा आरोप, परत न येण्याचा, तोच त्याने गोष्टीचा पेच केला होता. हे पुस्तक म्हणजेच ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’, १९७९ मध्ये आलं, लाल आणि हिरव्या अशा दोन शाईत छापलेलं, सव्वीस प्रकरणं, प्रत्येक प्रकरण ए पासून झेड पर्यंतच्या पुढच्या अक्षराने सुरू होणारं. (अनुवादकाला घाम फुटावा अशी सोय. मराठीत क ते ज्ञ करायचं म्हटलं तर ‘ङ’ लाच येऊन गाडी अडेल.) बघता बघता ते बेस्टसेलर यादीत जाऊन बसलं आणि मुलांपेक्षा मोठ्यांनीच जास्त उचललं.

पुस्तकाचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्यात फांटाझिया नावाचा देश शून्याने खाल्ला जातोय कारण माणसं कल्पना करायची विसरलीत, आणि बास्टियान तिथल्या सम्राज्ञीला नवं नाव देऊन तो वाचवतो. दुसऱ्या भागात खरी गोष्ट सुरू होते. हा जाडा, भित्रा, आई गेलेला मुलगा त्या देशात हवं ते मागू शकतो, आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची खऱ्या जगातली एकेक आठवण पुसली जाते. देखणा होतो, शूर होतो, मग माजतो, मित्रावर, अत्रेयूवर, तलवार उगारतो. मग त्याला एक शहर लागतं तिथे त्याच्यासारखीच येऊन सगळ्या आठवणी गमावलेली माणसं राहतात, वेडी, अंगावर काय वाट्टेल ते घालून फिरणारी, आणि त्यांना सांभाळायला एक माकड. ही परत न आलेली माणसं. पळपुटेपणाचं याहून भेदक चित्र वास्तववाद्यांच्या एकातरी पुस्तकात आहे का? पुढे जमिनीखालच्या खाणीत तो माणसांच्या विसरलेल्या स्वप्नांची चित्रं उकरतो (जळलेल्या चित्रांच्या चित्रकाराच्या मुलाने हे लिहिलंय) आणि त्याला एक चित्र सापडतं, पांढऱ्या कोटातला माणूस, हातात दातांचा साचा, बर्फात गोठलेला. त्याचे वडील, दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ. परत जायचं ते यांच्यासाठी. शेवटी पुस्तकांच्या दुकानातला म्हातारा त्याला सांगतो की काही जण तिथे कधी पोचतच नाहीत, काही पोचतात आणि तिथेच राहतात, आणि थोडे जाऊन परत येतात, ते दोन्ही जगं बरी करतात.

आता सिनेमा. सुमारे सहा कोटी मार्क खर्च, तोवरचा जर्मनीतला सगळ्यात महागडा. सुरुवातीला एंडे पटकथेत होता, मग ती त्याला वगळून बदलत गेली. सिनेमाने फक्त पहिला अर्धा भाग घेतला. जाडा मुलगा सडपातळ झाला, हिरव्या कातडीचा अत्रेयू साधा गोरा मुलगा झाला, सिंहासारख्या आयाळीचा ड्रॅगन कुत्र्याच्या तोंडाचा झाला. हे सगळं सोडून देता येईल. शेवट मात्र असा, की मुलगा ड्रॅगनवर बसून खऱ्या शहरात येतो आणि छळणाऱ्या पोरांना कचऱ्याच्या डब्यात पळवून लावतो. पुस्तकात तर स्पष्ट म्हटलंय की त्या देशातले प्राणी शून्यातून आपल्या जगात आले की ते खोटेपणा बनतात, लोकांच्या डोक्यातले भ्रम बनतात. म्हणजे पुस्तकाने ज्याला सगळ्यात मोठा धोका म्हटलं तेच सिनेमाने बक्षीस म्हणून दाखवलं.

एंडेने मागणी केली की काम थांबवा, नाहीतर किमान नाव तरी बदला. दोन्ही झालं नाही. त्याने सिनेमाला किच (म्हणजे भडक, स्वस्त कला), धंदा, मखमल आणि प्लॅस्टिक यांचा अवाढव्य मेलोड्रामा म्हटलं, आणि दावा लावला. निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हक्क त्याने स्वतः सही करून विकले होते, चारशेच्या वर पानांचं पुस्तक दीड तासात बसत नाही हे शेंबडं पोरगंही सांगेल, आणि जर्मन कायदा सिनेमाच्या बाबतीत मूळ लेखकाला एवढाच हक्क देतो की ‘ढोबळ विपर्यास’ असेल तरच अडवता येतं. ढोबळ कशाला म्हणायचं यावर सगळं अडतं. बदललेला चेहरा ढोबळ नाही, गाळलेली प्रकरणं ढोबळ नाहीत, पैसे करोडोंनी गुंतलेत, थिएटरं बुक झालीत. कायद्याच्या चौकटीत हरणं समजू शकतं. पण ज्या माणसाला वर्षानुवर्षं पळपुटा म्हटलं गेलं, त्याने त्या आरोपाला उत्तर म्हणून अर्धं पुस्तक लिहिलं, आणि तोच अर्धा भाग कापून उरलेलं जगभर त्याच्या पुस्तकाच्या नावाने दाखवलं गेलं, त्याला हा चेहऱ्यामोहऱ्याचा वाद कसा वाटेल? सिनेमा बघून कोणी एंडेला एस्केपिस्ट म्हटलं तर त्या सिनेमापुरतं ते बरोबरच होतं.

यानंतरचं पटापट सांगतो. १९८५ च्या मार्चमध्ये बायको अचानक गेली, इटलीतलं घर विकून तो म्युनिकला परतला. पुढे आर्थिक सल्लागाराच्या कारभारामुळे पुस्तकं तुफान विकली जात असतानाही त्याच्या डोक्यावर लाखो मार्कांचं कर्ज निघालं. १९८९ मध्ये त्याने आपल्या जपानी अनुवादिकेशी लग्न केलं, आणि जपानशी नातं इतकं घट्ट झालं की नागानो भागातल्या कुरोहिमेच्या परीकथा संग्रहालयात त्याच्या वस्तूंचं वेगळं दालन आहे. २८ ऑगस्ट १९९५ ला श्टुटगार्टजवळ पोटाच्या कॅन्सरने तो वारला. दुसरा सिनेमा १९९० मध्ये आला होता, त्यात दुसऱ्या भागातले तुकडे उचलले होते, आणि १९९४ च्या तिसऱ्याचा पुस्तकाशी संबंध शोधायला दुर्बीण लागते.

२०२४ मध्येच ‘जिम क्नोप्फ’वरूनही गदारोळ झाला. प्रकाशकांनी नव्या आवृत्तीतून काळ्या माणसांसाठीचा तो जुना अपमानकारक शब्द काढला, चित्रातले जिमचे ओठ बदलले, आणि एका गटाने सेन्सॉरशिप म्हणून आरडाओरडा केला. खरं तर याच पुस्तकातला ‘चीन’ फार पूर्वीच ‘मांडाला’ झाला होता, तेव्हा फारसं कोणी रडलं नव्हतं. एक शब्द बदलल्याने पाटीवरचा शुद्ध वंश पुसला जात नाही, पाटी तिथेच आहे.

आता नव्या मालिकेचं. सगळं पुस्तक सावकाश घेऊ असं मालिका करणारे सांगतायत, एंडेच्या बाजूची मंडळीही यावेळी सोबत आहेत. बघू. ट्रेलर आला की मी ड्रॅगनचं तोंड बघणार नाहीये, आठवणी गमावलेल्या वेड्यांच्या शहरातलं ते माकड आहे का तेवढं शोधणार आहे.