सराईत गुन्हेगार आणि सौम्य शिक्षा : कायद्यातली जुनी फट

सराईत गुंडाने पुन्हा कुणावर वार केले की पहिला सवाल येतो, मागच्या वेळी हा एवढ्यावर सुटला कसा? बोट थेट न्यायाधीशाकडे जातं. कधीकधी ते रास्तही असतं, पण या सैलपणाचं मूळ बरंचसं कायद्यातच आहे.

आधीच्या शिक्षेमुळे नवी शिक्षा वाढवणारं सर्वसाधारण कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेत होतं : कलम ७५. ते दोनच प्रकारच्या गुन्ह्यांना लागू होई. एक, नाणी आणि सरकारी स्टॅम्प यांची बनावट. दुसरा, मालमत्तेचे गुन्हे. घरफोड्या दुसऱ्यांदा दोषी ठरला तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शके. कोयत्याने हात तोडणारा दुसऱ्यांदा आला, तरी या कलमाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. इंग्रजांना धास्ती कशाची होती, ते यात दिसतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १३ म्हणून जवळपास तीच यादी कायम आहे.

दुसरं टोक म्हणजे कलम ३०३. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८३ मध्ये, मिठू खटल्यात, ते घटनाबाह्य ठरवलं.

दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर कलम ३७६ (ई) आलं : बलात्काराच्या गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. त्याची कसोटी मुंबईत, शक्ती मिल प्रकरणात लागली. २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमधल्या दोन सामूहिक बलात्कारांचे निकाल २० मार्च २०१४ ला एकाच दिवशी लागले. पहिल्या प्रकरणात जन्मठेप सुनावल्यावर सरकार पक्षाने दुसऱ्यात ३७६ (ई) चा वाढीव आरोप ठेवायला लावला आणि ४ एप्रिलला तिघांना फाशीची शिक्षा झाली. बचाव पक्षाचा मुद्दा होता, एकाच दिवसाच्या निकालांतला एक 'आधीचा' कसा? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली, पॅरोल-फर्लोच्या रजेशिवाय. ही शिक्षा सौम्य म्हणणं मला तरी पटत नाही.

बातम्यांत 'अठरा गुन्हे दाखल' असं छापून येतं. कोर्टात गुन्हे दाखल असणं मोजलं जात नाही, दोषसिद्धी मोजली जाते. साक्षीदार फुटले, खटले वर्षानुवर्षं रेंगाळले, तर हिस्ट्रीशीटरही शिक्षेच्या दिवशी कोऱ्या पाटीचा असतो. जुनी शिक्षा असली, तरी वाढीव शिक्षेसाठी ती न्यायालयाने ठेवलेल्या आरोपात मांडून सिद्ध करावी लागते. पोलिसांनी रेकॉर्डच जोडलं नाही तर न्यायाधीश काय करणार?

तरीही न्यायाधीशाच्या मर्जीला मोठा वाव राहतोच. शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवा, असं फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठीच्या मलिमथ समितीने २००३ मध्ये सुचवलं होतं. देशपातळीवर ती आजही नाहीत. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना हटवणारा महाभियोगही सिद्ध गैरवर्तन किंवा अक्षमता यांसाठीच; चुकीच्या निकालावर उपाय म्हणजे अपील. न्यायिक उत्तरदायित्वाचं विधेयक लोकसभेत २०१२ मध्ये मंजूर झालं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं.

अपिलाचा रस्ताही सगळ्यांना खुला नाही. शिक्षा कमी पडली म्हणून दाद मागण्याचा हक्क सरकारला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००९ च्या दुरुस्तीने पीडितांना अपिलाचा अधिकार मिळाला, पण तो आरोपी सुटल्यास, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास किंवा भरपाई अपुरी असल्यास. अपुऱ्या शिक्षेविरुद्ध पीडितांना असं अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच ठेवली आहे.