पान 843 वरचा झटका : अमेरिकेतील लॅटिनो रुग्णांच्या मानसोपचारांची पार्श्वभूमी

लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, रुग्णांवर उपचार करताना त्यांची भाषा, कुटुंब आणि श्रद्धा विचारात घ्याव्यात, हे अमेरिकेत आता उघडपणे कोणी नाकारत नाही. या वादाची सुरुवात मात्र लष्करी इस्पितळांत झाली. कोरियन युद्धाच्या सुमारास अमेरिकी सैन्यातील डॉक्टरांना पोर्तो रिकोचे जवान एकाएकी ओरडताना, थरथरताना, कोसळताना दिसले आणि त्यांनी या प्रकाराला 'पोर्तो रिकन सिंड्रोम' म्हणून टाकले. राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, पण लष्करी भरतीचा कायदा लागू, अशा अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरची ही माणसे. त्यांच्या घरी हा झटका 'आताके दे नेर्व्हिओस' (स्पॅनिशमध्ये 'नसांचा झटका') म्हणून ठाऊक होता. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली, संसार मोडला, डोळ्यांदेखत अपघात झाला की तो येतो. रडणे, आरडाओरडा, छातीतून डोक्यात चढणारी आग, हे सगळे घरच्यांच्या ओळखीचे.

1970 आणि 1980ची दशके घाईने सांगता येतात. 1970च्या दशकात मायामीत क्युबन निर्वासित कुटुंबांसाठी कौटुंबिक उपचारपद्धती आकाराला आली. मुले आईवडिलांपेक्षा फार लवकर अमेरिकी होत आणि घरात खटके उडत, हा तिचा पाया. 1980च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मुलांना पोर्तो रिकोच्या लोककथा सांगून उपचार करण्याचे प्रयोग झाले. 1985 साली पोर्तो रिकोत मामेयेस येथे दरड कोसळली. त्या आपत्तीनंतर बेटावर झालेल्या पाहणीत सुमारे 16 टक्के लोकांनी असा झटका येऊन गेल्याचे सांगितले. त्यांच्यात चिंता आणि नैराश्याचे विकार इतरांहून अधिक होते, पण सर्वांना विकार होताच असे नाही.

अशा अनुभवाला पुस्तकात जागा कुठे द्यायची? 1994 साली मनोविकारांच्या वर्गीकरणाची चौथी आवृत्ती, डीएसएम-4, निघाली तेव्हा हा निर्णय घेणे भाग पडले. आताके, नेर्व्हिओस (ताणामुळे होणारा मनाचा-शरीराचा त्रास) आणि सुस्तो (दचकल्याने आत्मा देह सोडून जातो, ही समजूत) यांची नोंद झाली, पण अगदी शेवटच्या परिशिष्टांपैकी एकात, पान 843 पासून पुढे. आपल्याकडची धात जाण्याची तक्रारही त्याच यादीत आहे. स्वतंत्र निदान केले तर शोकाच्या रूढ अभिव्यक्तीलाच रोग ठरवल्यासारखे होईल, असे या निर्णयाचे समर्थक म्हणत. त्यात तथ्य आहे. पण यादीतल्या अवस्थांना स्वतःचा निदान-क्रमांक नव्हता आणि अमेरिकेत विम्याचे पैसे क्रमांकावर मिळतात. त्यामुळे नवऱ्याच्या मृत्यूनंतर झटका आलेल्या बाईच्या कागदावर पॅनिक डिसऑर्डर (अचानक तीव्र भीतीचे झटके) किंवा तसेच काही लिहावे लागे. आक्षेप घेणाऱ्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. अ‍ॅनोरेक्सियासारखा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याचा) पाश्चात्त्य समाजात ठळकपणे दिसणारा विकार मुख्य प्रकरणांत आणि इतरांचे विकार 'संस्कृतिबद्ध' म्हणून शेवटी, याचा अर्थ संस्कृती फक्त परक्यांना असते असा होतो. रुग्णाला संस्कृतीबद्दल काय विचारावे, याचा आराखडाही त्याच परिशिष्टात होता. तिथे तो किती डॉक्टरांनी उघडून पाहिला असेल?

2001च्या सरकारी अहवालाने आणखी साधी अडचण आकड्यांत मांडली. दर लाख लॅटिनो लोकांमागे मानसिक आरोग्य क्षेत्रातील लॅटिनो व्यावसायिक होते 29. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण 173 होते.

डीएसएमच्या 2013च्या आवृत्तीत 'संस्कृतिबद्ध' हा शब्द गेला आणि 16 प्रश्नांची मुलाखत आली. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, हे रुग्णालाच विचारायचे. सहा देशांत तिची चाचणी झाली, त्यांत भारत होता आणि पुण्यातही ती वापरून पाहिली गेली. लॅटिनो रुग्णांसाठी मांडलेला आग्रह अशा रीतीने आपल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचला.

भाषेच्या बाजूने मात्र अमेरिकेत अलीकडे पाऊल मागे पडले आहे. जुलै 2023 मध्ये 988 या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनवर स्पॅनिशमधून मेसेज आणि चॅट सुरू झाले, ही जमेची बाजू. पण इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा भाषेत मिळावी, असे सांगणारा 2000 सालचा आदेश मार्च 2025 मध्ये रद्द झाला. इंग्रजी अधिकृत भाषा ठरली. राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करण्यास बंदी घालणारा 1964चा नागरी हक्क कायदा अजून लागू आहे आणि सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांत दुभाषी मागण्यासाठी रुग्णांना आता मुख्यतः त्याचा आणि 2010च्या आरोग्य कायद्याचा आधार घ्यावा लागतो.