मॅप्स (ओक्लाहोमा सिटी)

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १९९३ पासून चालत आलेली, मतदारांच्या मंजुरीने लावल्या जाणाऱ्या मुदतबंद विक्रीकराची पद्धत. ‘महानगर क्षेत्र प्रकल्प’ या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला मॅप्स म्हणतात. कर डॉलरमागे एक सेंट. दुकानदार तो शेवटच्या ग्राहकाच्या बिलातच लावतो.

ओक्लाहोमा राज्यात शहरांना रोजच्या कारभारासाठी मालमत्ता कर वापरता येत नाही. पोलीस, अग्निशमन, रस्ते हे सारे मुख्यतः विक्रीकरावर चालते, आणि तो वाढवायचा तर मतदारांचा कौल घ्यावाच लागतो. त्यामुळे इथे कराची निवडणूक म्हणजे शहराने पुढे काय व्हायचे याचीच निवडणूक असते.

१९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने विमानदुरुस्तीच्या मोठ्या केंद्रासाठी ओक्लाहोमा सिटीऐवजी इंडियानापोलिस निवडले. सवलती देऊनही शहर हरले, कारण कर्मचाऱ्यांनी राहावे असे इथे काही नव्हते, असा अर्थ महापौर रॉन नॉरिक यांनी त्यातून काढला. त्यांनी नऊ कामे एकाच मतपत्रिकेवर बांधली: बेसबॉल मैदान, ब्रिकटाउन भागातला कालवा, बंदिस्त क्रीडागृह, ग्रंथालय, जवळजवळ कोरड्या नदीत पाणी अडवणे वगैरे. घ्यायचे तर सगळे, नाहीतर काहीच नाही. ही युक्ती निर्णायक ठरली. सुटे मागितले असते तर ग्रंथालयवाल्यांनी मैदान पाडले असते आणि मैदानवाल्यांनी ग्रंथालय. १४ डिसेंबर १९९३ रोजी प्रस्ताव ५४ टक्के मतांनी निसटता पार पडला.

शहराने कर्ज काढले नाही. पैसा जमेल तसे बांधकाम झाले. म्हणूनच कामे रेंगाळली, खर्च फुगला आणि १९९८ मध्ये सहा महिन्यांची मुदतवाढ मागावी लागली. मतदारांनी ती दिली. १९९९ मध्ये कर थांबला, तोवर ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. मतदारांनी मंजूर केलेल्या (वाढीव) मुदतीनंतर कर खरोखर थांबला, हेच या पद्धतीचे खरे भांडवल आहे.

२००१ मध्ये शाळांसाठी, २००९ मध्ये उद्यान, ट्राम व अधिवेशन केंद्रासाठी पुन्हा कौल मिळाला. २००९ च्या मतपत्रिकेवर मात्र प्रकल्पांची नावेच नव्हती. ती नगर परिषदेच्या वेगळ्या ठरावात होती. एका मतपत्रिकेवर एकच विषय, या नियमातून काढलेली ही वाट होती. तिने लोकांना कायद्याच्या हमीऐवजी परिषदेच्या शब्दावर विसंबायला लावले, हा आक्षेप योग्यच होता. २०१९ चा चौथा टप्पा ९७.८ कोटी डॉलरचा. त्यात बेघरांची घरे, मानसिक आरोग्य आणि बससेवा आली, आणि ७० टक्क्यांहून अधिक मते पडली. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या बास्केटबॉल क्रीडागृहासाठीही सुमारे ७१ टक्क्यांनी होकार दिला. त्यासाठीचा सहा वर्षांचा कर चौथा टप्पा संपल्यावर सुरू व्हायचा आहे. जुना संपताच नवा लागत असल्याने मतदार हल्ली बहुधा करवाढ नव्हे, तोच दर पुढे चालवणे मंजूर करतात.

विक्रीकराचा मोठा दोष मॅप्सलाही चुकलेला नाही. बाहेरगावचा पाहुणा त्यात भर घालतो खरा, पण ज्याची मिळकत खाण्यापिण्यातच संपते त्याच्या कमाईतला मोठा वाटा त्यात जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने किराणा मालावरचा आपला ४.५ टक्के कर रद्द केला. शहराचा कर, त्यातल्या मॅप्सच्या सेंटसह, ब्रेड-दुधाच्या बिलावर कायम राहिला.