वाघोलीचा निळा दगड: कॅव्हनसाइटची मागची गोष्ट

२०२० मध्ये टांझानियात सानिनिऊ लायझर नावाच्या छोट्या खाणवाल्याला ९.२७ आणि ५.१ किलोचे टांझानाइट या निळ्या रत्नाचे दोन दगड मिळाले, तिथल्या सरकारने ते विकत घेतले आणि तो रातोरात करोडपती झाला. ही बातमी तेव्हा आपल्याकडेही सगळ्या ग्रुपवर फिरली होती. अशी नव्या रत्नाची काही बातमी आली की मला वाघोलीच आठवते. कारण टांझानाइटचा निळा रंग ज्या धातूमुळे येतो त्याच व्हॅनेडियममुळे आपल्या नगर रोडच्या वाघोलीचा कॅव्हनसाइट निळा आहे, आणि हे पुण्यातल्याच किती लोकांना माहिती नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सगळं सुरू होतं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आपला सह्याद्री, आपलं पठार, सिंहगड, पर्वती सगळं त्यातूनच झालं. लाव्हा थंड होताना आतला गॅस अडकून राहिला आणि त्याचे बुडबुडे दगडात पोकळ्या बनून राहिले. पुढे त्या पोकळ्यांतून आणि भेगांतून गरम पाणी फिरत राहिलं, जाताना दगडातलं कॅल्शियम, सिलिका वगैरे विरघळवून घेऊन गेलं आणि हळूहळू आत स्फटिक जमले. आपल्या काळ्या दगडात थोडं व्हॅनेडियम असतंच, तेही कुठेकुठे त्या पाण्यात आलं. म्हणून बाहेरून काळा कुळकुळीत दिसणारा दगड फोडला की आत पांढरे, पीचसारखे, हिरवे स्फटिक चमकतात. बरेचसे झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातले असतात, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट ही त्यातली नावं, आणि त्यांच्यासोबत अपोफिलाइट असतो.

हे दगड जगाला दिसायला लागले ते रेल्वेमुळे. भोर घाटातली लाइन १८६३ मध्ये सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षं तिथे बोगदे खणणं आणि कडे फोडणं चालू होतं आणि त्यातून निघालेले सुंदर स्फटिक इंग्रज लोक घेऊन गेले. त्या काळापासून परदेशातल्या म्युझियममध्ये 'पूना' असं लेबल लावलेले दगड दिसतात. गोंधळ असा की पुढे व्यापाऱ्यांनी जळगाव, नाशिककडच्या मालालाही सरसकट पूनाच लिहिलं, त्यामुळे जुन्या लेबलवरून नेमकी खाण कळतच नाही. पाषाणच्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट मात्र खरा पुण्याचा, आणि त्याचा हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच.

आता कॅव्हनसाइट. हा मुळात इथे नाही, अमेरिकेत ओरेगनमध्ये १९६७ ला सापडला आणि १९७३ मध्ये नवीन खनिज म्हणून त्याचं वर्णन छापून आलं. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची सुरुवातीची अक्षरं जोडून केलंय. त्याच्यासोबतच पेंटागोनाइटही जाहीर झाला, रासायनिक घटक अगदी तेच पण आतली रचना वेगळी, आणि त्याचे जुळे स्फटिक पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात म्हणून ते नाव. ओरेगनमध्ये मिळायचे ते बारीक बारीक आणि दुर्मिळ. मग वाघोलीच्या खडीच्या खाणीत हाच दगड निघाला, १९८० च्या दशकाच्या शेवटाला तर भरपूर निघाला, आणि असा की पांढऱ्या स्टिल्बाइटवर मोरपंखी निळ्या रंगाचे गोल गोल गेंद बसलेत. जगात इतका चांगला कॅव्हनसाइट दुसरीकडे कुठेच मिळाला नाही. अमेरिकेत टुसानला दर फेब्रुवारीत दगडांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे तो गाजला.

आणि हे सगळं कुणी शोधायला म्हणून गेलं नव्हतं! वाघोलीला खाणी होत्या त्या खडीसाठी, बांधकामाला. सुरुंग लागायचा, दगड क्रशरला जायचा, आणि मध्ये एखादी निळी पोकळी दिसली तर कामगार ती हाताने बाजूला काढायचे. त्यांच्या नजरेमुळे जे वाचलं ते वाचलं, बाकी किती निळं खडीत जाऊन पुण्याच्या स्लॅबमध्ये बसलं असेल देव जाणे. माझा मामा त्या सुमारास खडीच्या ट्रकवर होता, त्याने आणलेला काडेपेटीएवढा तुकडा अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, लहानपणी मला वाटायचं कुणीतरी रंग दिलाय.

मग याची अंगठी का होत नाही असं सगळे विचारतात. टांझानाइटही १९६७ चाच, त्याच्या खाणीवर पहिला हक्क (क्लेम) नोंदवणारा मॅन्युएल डिसूझा मूळचा गोव्याचा शिंपी. पण तो दगड कडकपणाच्या १ ते १० या मोह्स मापावर (हिरा १०) साडेसहाच्या आसपास आहे आणि खाणीतून बहुतेक तपकिरीच निघतो, साधारण ६०० डिग्रीला तापवला की निळा होतो. कॅव्हनसाइटचं बरोबर उलटं आहे, कडकपणा जेमतेम तीन ते चार, स्फटिक काही मिलिमीटरचे, आणि त्याच्या रचनेतच पाणी आहे, तापवलं तर ते निघून जाणार. पैलू पाडायला घेतला तर चुराच होईल. त्यामुळे तो सोनाराकडे दिसत नाही, संग्रह करणाऱ्यांकडे आणि म्युझियममध्ये दिसतो. महाराष्ट्रातले असे दगड एकत्र बघायचे तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम आहे, पोरांना घेऊन एकदा जाऊन याच.

वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, आता तिकडे टॉवर आणि ट्रॅफिक. पण तिकडच्या जुन्या घरांत, खाणीत काम केलेल्यांकडे अजून असे तुकडे असतात. तुमच्याकडे असेल तर ब्रशने घासू नका, ॲसिडने तर अजिबात धुवू नका, सोबत कॅल्साइट असेल तर तो विरघळून सगळं सुटं होईल. आणि खाली एक चिठ्ठी ठेवा, कुठल्या खाणीतला, कुठल्या वर्षीचा, कुणी आणला. नुसतं पुणे लिहू नका, वाघोली लिहा.