कार्बन क्रेडिट, ऑफसेट आणि जैवइंधन : कोकणच्या बाजूनं टीका

कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड (किंवा तेवढीच तापमानवाढ करणारा दुसरा वायू) हवेत जाण्यापासून वाचवला किंवा हवेतून शोषून घेतला याचं प्रमाणपत्र. ते विकत घेणारी कंपनी आपल्या धुरांड्यातून धूर सोडत राहते आणि हिशेबात तेवढे टन वजा करते, याला ऑफसेट म्हणतात. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय हवामान करारानं, म्हणजे क्योटो करारानं, या व्यवहाराला मान्यता दिली, २००५ पासून युरोपचा कार्बन बाजार सुरू झाला, आणि आपल्याकडे २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायद्यात बदल होऊन २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली. यावर आणि याच्याच जोडीला येणाऱ्या जैवइंधनावर (पिकं आणि झाडांच्या बियांपासून बनवलेल्या इंधनावर) जी टीका होते तिचं मूळ एकच आहे, की कोळसा आणि तेल जाळणं कमी करायचं सोडून त्याचा भार लांबच्या कुणाच्या तरी जमिनीवर टाकला जातो, आणि ती जमीन बहुतेक वेळा गरिबाची किंवा गावाच्या सामाईक वापरातली असते.

बाजाराचा अनुभव आधीपासूनच वाईट आहे. युरोपात पहिल्या टप्प्यात सरकारांनी कंपन्यांना धूर सोडण्याचे इतके परवाने फुकट वाटले की २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. त्याहून बदनाम झालं ते एचएफसी-२३ वायूचं प्रकरण. एसी-फ्रीजमध्ये लागणारा एचसीएफसी-२२ बनवताना हा वायू आपोआप निघतो, त्याचा तापमानवाढीचा परिणाम तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट धरला होता, म्हणजे एक टन वायू नष्ट केला की ११,७०० क्रेडिट, आणि नष्ट करायचा खर्च त्यामानानं अगदी किरकोळ. भारत आणि चीनमधल्या कारखान्यांनी यातून प्रचंड पैसा केला, मग माल विकण्यापेक्षा त्याचा कचरा जाळण्यातच फायदा असेल तर कचरा कमी कोण करणार हा प्रश्न उभा राहिला आणि २०१३ पासून युरोपनं ही क्रेडिट घेणं बंद केलं.

झाडं लावून किंवा जंगल राखून मिळणाऱ्या क्रेडिटचा घोळ वेगळा आहे. हे पैसे आले नसते तर जंगल तुटलंच असतं असं दाखवावं लागतं, आणि न घडलेली गोष्ट मोजणार कशी? २०२३ च्या जानेवारीत युरोपातल्या पत्रकारांच्या एका तपासात असं मांडलं गेलं की जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रमाणन संस्थेच्या वर्षावन क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागे खरी बचतच नव्हती, संस्थेनं ते अमान्य केलं. दुसरा प्रश्न टिकण्याचा. जाळलेल्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शेकडो, काही भाग तर हजारो वर्षं हवेत राहतो, झाडाचा काय भरवसा? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, पिढ्यानपिढ्या जपलेल्या. आणि दरवर्षी फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात त्यात काजू-आंब्याची कलमं जळतात ती वेगळीच.

शिवाय झाडं लावायची कुठे? कागदावर रिकामी दिसणारी जागा म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा कातळ दिसतो, पण पावसाळा सुरू झाला की दीपकाडी उगवते, मग सीतेची आसवं, गेंद, पाण्याच्या डबक्यात बेडूक, गुरांना चारा, कुठे खोलगट भागात भाताचा तुकडा. याच कातळांवर ती कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अशा ठिकाणी जेसीबीनं खड्डे पाडून, बाहेरची माती भरून एकाच जातीची झाडं लावणं याला पर्यावरणाचं काम म्हणता येत नाही.

कांदळवनाचं, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या जंगलाचं, प्रकरण जास्त नाजूक आहे कारण कांदळवन खरोखरच मोलाचं आहे. जमिनीवरच्या जंगलापेक्षा ते हेक्टरी कितीतरी जास्त कार्बन साठवतं आणि त्यातला बराचसा मुळांखालच्या चिखलात असतो, समुद्र-खाडीकाठच्या अशा साठ्याला निळा कार्बन म्हणतात आणि त्याच्या क्रेडिटला चांगला भाव मिळतो. पण महाराष्ट्रात कांदळवन आधीच संरक्षित आहे, मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तोडीवर बंदी कायम करून भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं, मग जे कायद्यानं राखायलाच हवं ते राखल्याचं क्रेडिट विकणं म्हणजे नवीन काहीही न करता कुणाला तरी धूर सोडायला मोकळीक देणं. नवीन लागवड करायची म्हटली तर ती होते खाडीच्या उघड्या चिखलावर, जिथे ओहोटीला बायका तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढतात, खडकावरची कालवं फोडतात, चिंबोऱ्या पकडतात. आणि खाजणाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातजमिनीचा, प्रश्न तर कुणी विचारतच नाही: खारबंधारा फुटतो, दुरुस्ती वर्षानुवर्षं होत नाही, भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं, तिथे खारफुटी उगवते आणि मग शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत हात लावता येत नाही. त्या खारफुटीतला कार्बन कुणाच्या मालकीचा, हे आधी ठरायला हवं. कांदळवन राखायला पैसा लागतोच, तो प्रदूषण करणाऱ्यांवर कर लावून थेट द्यावा, बदल्यात काही विकू नये, असं टीकाकार म्हणतात आणि ते पटतं.

कमी लाकूड जाळणाऱ्या सुधारित चुली वाटून मिळणाऱ्या क्रेडिटचंही तसंच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या चूल प्रकल्पांना खऱ्या बचतीच्या सुमारे नऊ पट क्रेडिट दिली गेल्याचं दिसलं. कोकणात हे समजायला अभ्यासाची गरज नाही, घरात गॅस आला तरी न्हाणीची चूल चालूच असते, त्यात झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या जातात, नवीन चूल दिली म्हणून जुनी बंद झाली असं धरणं चूक आहे.

जैवइंधनात आधी मोगली एरंडाची लाट आली. कोकणात तो वईला (कुंपणाला) लावतात कारण गुरं तोंड लावत नाहीत, पोरं त्याच्या चिकाचे फुगे उडवतात, बिया मात्र विषारी. २००३ पासून सरकारनं तो पडीक जमिनीवर लावून डिझेल मिळवायचं ठरवलं, २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. पाणी-खत न देता तो जगतो, पण भरपूर बी धरत नाही, त्यामुळे लक्ष्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. आता जोर आहे इथेनॉलवर, पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं २०३० चं लक्ष्य २०२५ वर आणलं गेलं. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. हा ऊस घाटावर, दुष्काळी तालुक्यांतसुद्धा घेतला जातो, आणि मक्याचं-तांदळाचंही इंधन होतंय, म्हणजे शेत आणि पाणी माणसाच्या ताटातून गाडीच्या टाकीत.

शेवटचा आक्षेप दुहेरी मोजणीचा. भारतानं पॅरिस कराराखाली २०३० पर्यंत जंगल आणि झाडांतून २.५ ते ३ अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषायचं आश्वासन दिलंय. क्रेडिट दुसऱ्या देशाला विकलं तर विकणाऱ्यानं तेवढे टन स्वतःच्या खात्यातून वजा करायचे असं २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरलं, पण कंपन्या स्वेच्छेनं जी खरेदी करतात तिला हे बंधन सरसकट लागत नाही, त्यामुळे खाडीतलं एकच कांदळवन देशाच्या अहवालातही धरलं जाऊ शकतं आणि परदेशातल्या एखाद्या विमान कंपनीच्या अहवालातही.