स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल (पुण्यातील वापर आणि निगा)

स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल : दिवसभराचे अंतर न थकवता कापणारी आणि तरीही घाटातल्या वळणांवर मनासारखी कलणारी दुचाकी. रेसिंगच्या गाडीवर चालक टाकीवर ओणवा होतो, क्रूझरवर पाय पुढे टाकून मागे रेलतो. या गाडीवर तो किंचितच पुढे झुकतो. मनगटांवर भार थोडा येतो, गुडघे टाकीला घट्ट बसतात आणि पुढची काच वारा छातीवरून उचलून खांद्यांपलीकडे टाकते. मागे बॅगा लावायची सोय, डबलसीट बसणाऱ्याला धरायला कडी आणि हायवेवर तासन्‌तास एका लयीत चालणारे इंजिन ही तिची बाकीची लक्षणे.

बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आणलेली आर १०० आरएस ही या प्रकारातली आद्य गाडी मानली जाते. तिचे फेअरिंग (वारा कापणारे पुढचे आवरण) हवेच्या बोगद्यात चाचण्या घेऊन घडवले होते. पुढे होंडाची एसटी ११०० (१९९०) आणि यामाहाची एफजेआर १३०० (२००१) यांनी हा प्रकार जगभर रुजवला. भारतात एवढ्या मोठ्या गाड्या थोड्यांच्याच आवाक्यातल्या होत्या. इथल्या तरुणांना लांबच्या प्रवासाची चटक लावली ती २००३ च्या हिरो होंडा करिझ्माने (२२३ सीसी), नंतर पल्सर २२० ने आणि २०११ मध्ये आलेल्या होंडा सीबीआर २५० आरने. डिसेंबर २०१६ मध्ये बजाजने डॉमिनार ४०० (३७३ सीसी) बाजारात आणली. ती पुण्याशेजारी चाकणलाच तयार होते, त्यामुळे शहरात अनेकांना ती घरची गाडी वाटते.

पुण्यातल्या अशा गाडीची दोन आयुष्ये असतात. सोमवार ते शुक्रवार ती कर्वे रस्त्यावर, सिंहगड रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते. रविवारी पहाटे पाच वाजता तीच ताम्हिणीकडे निघते. कंपनीचे पुस्तक सर्व्हिसिंग किलोमीटरवर सांगते. पण सिग्नलला अर्धा क्लच धरून काढलेले शंभर किलोमीटर आणि भोरच्या रस्त्यावर एका लयीत झालेले शंभर किलोमीटर सारखे नसतात. म्हणून इथे आकड्याइतकेच किलोमीटर कसे झाले हेही पाहावे लागते.

चेन

चाक शाफ्टने फिरवणाऱ्या गाड्या पुण्यात क्वचितच दिसतात. बाकीच्यांना उघडी चेन असते आणि घरी करायच्या कामातले निम्मे काम तिचेच. या चेनच्या प्रत्येक कडीत पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि रबरी रिंगांनी ते आत कोंडलेले असते. बाहेरून मारलेला चेन लूब तिथपर्यंत पोचत नाही. तो रिंगा मऊ ठेवतो, गंज टाळतो आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांची झीज कमी करतो. एवढे समजले की काय टाळायचे तेही समजते. पेट्रोलने किंवा थिनरने धुणे, तारेच्या ब्रशने घासणे, वॉशिंग सेंटरवर प्रेशरची धार जवळून मारणे यांनी रिंगा खराब होतात. एकदा आतले ग्रीस गेले की ते परत भरता येत नाही. चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश आणि जुने सुती फडके एवढे साहित्य पुरते. साधारण ५०० किलोमीटरला एकदा आणि पावसात भिजून आल्यावर लगेच हे करावे. लूब चेन कोमट असताना, म्हणजे घरी पोचल्या पोचल्या, आतल्या बाजूने मारावा आणि रात्रभर मुरू द्यावा. सकाळी निघताना घाईने मारलेला लूब मागच्या चाकावर आणि पँटवर उडतो.

चाक हाताने फिरवायचे. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फडके धरून चेन पुसणे हा बोट गमावण्याचा मार्ग आहे. घाई असली तरी तो धरू नये.

चेनला ढील का ठेवायची, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. पुढचे स्प्रॉकेट आणि स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) खिळा एका जागी नसतात. गाडी मागून दबली की दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर वाढते आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर चेन मधोमध वर-खाली साधारण २५ ते ३५ मिलिमीटर हलायला हवी. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. माझ्या गाडीची चेन एका गॅरेजमध्ये अगदी तारेसारखी ताणून दिली होती. गावात एकट्याने फिरताना काही जाणवले नाही. डबलसीट आणि दोन बॅगा घेऊन पसरणी घाट चढताना मात्र प्रत्येक खड्ड्याला पायाखालून करकर ऐकू येऊ लागली. वाईला उतरून अ‍ॅक्सलचा नट ढिला केला, दोन्ही बाजूंचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा मागे घेतले, चाक किंचित पुढे सरकवले, खुणा जुळवल्या, नट आवळला आणि आवाज थांबला. तसेच चालवत राहिलो असतो तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आले असते. ढील मोजताना चाक फिरवत चेन कुठे सगळ्यात घट्ट होते ते शोधावे आणि तिथेच मोजावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मागच्या स्प्रॉकेटच्या टोकाला चेन बोटाने ओढून अर्धा दात उघडा पडला, तर चेन संपली असे समजावे. मग पुढचे आणि मागचे स्प्रॉकेटही सोबतच बदलायचे. नाना पेठेत हा चेनसेट सहज मिळतो. डबा आणि त्यावरचा भाग क्रमांक पाहूनच घ्यावा.

टायर आणि ब्रेक

हवा थंड टायरमध्येच तपासायची. पंपावर ‘किती भरू?’ असे विचारले की उत्तर तयार असावे, नाहीतर पुढे-मागे सारखीच भरून मिळते. या प्रकारच्या मोठ्या गाड्यांना बहुधा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) सांगितलेली असते, लहान गाड्यांना कमी. स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये अनेकदा मधला पट्टा कडक आणि कडा मऊ रबराच्या असतात: सरळ रस्त्यावर टिकाऊपणा, वळणावर पकड. पुणे-बंगळुरू हायवेवर सतत सरळ चालवल्याने मधला भाग चपटा होतो. अशा टायरवर घाटात गाडी कलताना आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी वाटते. नक्षी शिल्लक असली तरी असा टायर घाटाच्या कामाचा राहत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे त्याचा जन्म सांगतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

डबलसीट निघताना मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, एक-दोन खाचा वाढवावा. टूलकिटमधला वाकडा पाना त्यासाठीच असतो आणि बहुतेकांनी तो कधी बाहेर काढलेला नसतो. प्रीलोड न वाढवता निघाले की गाडी मागे बसते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि हँडल जड झाल्यासारखे वाटते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३०° सेल्सिअस असतो. ओल मुरल्यावर प्रमाणानुसार तो १५५° पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की आतले पाणी उकळते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. त्यामुळे हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी कमी चालली असली तरी. उतारावर तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यावी.

इंजिन ऑइलबद्दल एकच सांगणे: डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचे जपानी मानक) असे लिहिलेले असावे. मोटारगाडीच्या काही ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये ओला, म्हणजे त्याच ऑइलात बुडालेला, क्लच घसरवतात. कूलंट नळाच्या पाण्याने भागवू नये आणि गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. स्वारगेटच्या गर्दीत पंखा वारंवार सुरू होणे हा बिघाड नाही; फेअरिंगमधून पोटरीवर येणारी गरम हवा सोसावीच लागते.

पावसाळा आणि घाट

जून ते सप्टेंबर हे या गाडीचे सर्वांत सुंदर आणि सर्वांत जिकिरीचे महिने. पौड सोडले की मुळशीचे पाणी दिसू लागते, ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरतात आणि दरडीवरून पाणी थेट डांबरावर येते. वळणांच्या आतल्या कडेला शेवाळ असते. तिथे गाडी कमी कलवावी आणि ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच आटपावा. भोर ते महाड वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. मुंबईचा द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहे. लोणावळ्याला जायचे तर जुना हायवे.

या गाडीचा खरा आनंद तिसऱ्या गिअरमधला आहे. वळण दिसते, आधी वेग उतरतो, नजर वळणाच्या शेवटाकडे जाते आणि मूठ हळूहळू उघडताना गाडी स्वतःच उभी होत बाहेर पडते. चेन बेताची ढिली, टायर गोल आणि हवा बरोबर असेल, तर हे सगळे एका श्वासात होते. हवा पाच पीएसआयने कमी असली, तर तेच वळण कष्टाचे होते. चालवणाऱ्याला आपली चूक आहे असे वाटत राहते. नेहमीच्या जागी चहा-पोह्यांना थांबल्यावर एक फेरी गाडीभोवती मारावी: टायरमध्ये खिळा, सुटलेला बॅगेचा पट्टा, फोर्कवर (पुढच्या चाकाच्या दांड्यांवर) ऑइलची रेघ. दोन मिनिटे लागतात.

घरी आल्यावर ओल्या गाडीवर कव्हर टाकू नये, आत वाफ कोंडून गंज धरतो. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी आणि बॅटरी चार्जरला लावावी.

दसरा

बारा महिन्यांत एकदा ही गाडी पुण्यात सगळ्यात निगुतीने धुतली जाते ती दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादल्या येतात, मुले रिमच्या काड्या पुसतात आणि चाकाच्या आतल्या बाजूचा वर्षभराचा काळा लूब निघतो. सैल नट, झिजलेला ब्रेकपॅड, फेअरिंगचा हरवलेला स्क्रू हे सगळे बहुधा त्याच दिवशी सापडते. सकाळी हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पाने. हळद-कुंकू टाकीवर किंवा पुढच्या काचेखाली लावावे, डिस्कवर पडू देऊ नये. हार हँडलला बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. फुले ॲक्सिलरेटरच्या वायरीत किंवा फोर्क आणि टाकीच्या मध्ये अडकत असतील, तर गाठ सोडून हार काचेच्या मधोमध खाली घ्यावा.