जुलाबातल्या परजीवींचं रेण्वीय टायपिंग: एथिक्स कमिटीच्या अर्जाआधी काय ठरवावं

एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि एन्टामिबा डिस्पार या दोन आमिबांच्या सिस्ट (टणक कवचातली अवस्था) सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. पहिली सापडली तर लक्षणं नसतानाही उपचार करतात, दुसरीला औषध लागत नाही. हा फरक पीसीआरने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखणाऱ्या तपासणीने, कळतो. म्हणून टायपिंगच्या (डीएनएवरून प्रजाती-प्रकार ओळखण्याच्या) अर्जात निष्कर्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत कसा पोहोचणार, हे लिहा. प्रबंधांत नेमकं हेच सुटू शकतं.

एमडीच्या प्रबंधासाठी अर्जावर विद्यार्थ्यासोबत मार्गदर्शकाचीही सही लागते. तुमच्या संस्थेची एथिक्स कमिटी 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते आधी विचारा. प्रोटोकॉल, माहितीपत्रक आणि संमतीपत्र (मराठी व इंग्रजी), केस रेकॉर्ड फॉर्म (प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा तक्ता), संशोधकांचे बायोडेटा आणि विभागप्रमुखांचं पत्र एवढी कागदपत्रं साधारण सगळीकडे मागतात.

संमतीपत्रात स्पष्ट लिहा: तपासणी परजीवीच्या डीएनएची आहे, रुग्णाच्या नाही, उरलेला नमुना किती काळ ठेवणार, तेही सांगा. मूल असेल तर पालकांची संमती घ्या. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 7 ते 12 वयात मुलाची तोंडी आणि 12 ते 18 वयात लेखी सहमती लागते. तपासणीनंतर उरलेले, ओळख पुसलेले नमुने वापरणार असाल तर संमतीतून सूट मागता येते. मात्र तेव्हा निष्कर्ष रुग्णाला परत कळवता येत नाही. दोन्हीपैकी काय हवं ते आधी ठरवा.

आता नमुना साठवण्याचा मुद्दा. इथे चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो, प्रथिनांना जखडतो आणि पीसीआर निगेटिव्ह येतो. ओपीडीत मिळालेला शौचाचा नमुना दोन भागांत वाटा: एक सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा 70 टक्के इथेनॉलमध्ये किंवा काही न घालता उणे 20 अंशांवर. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठी 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेटही चालतं, पण डीएनए काढण्याआधी ते पूर्ण धुऊन टाकावं लागतं, नाहीतर तेच पीसीआर अडवतं. डीएनए काढण्याच्या किटला साधारण 200 मिलिग्रॅम शौच पुरतं. ऊसिस्टची (क्रिप्टोस्पोरिडियमची शौचातून बाहेर पडणारी अवस्था) भिंत टणक असते, म्हणून मणी घालून घुसळणं किंवा गोठवून-वितळवणं ही पायरी प्रोटोकॉलमध्ये हवीच. पित्तक्षारांमुळेही पीसीआर अडतो, म्हणून इंटर्नल कंट्रोल (पीसीआर अडला का हे दाखवणारा, मुद्दाम घातलेला ज्ञात डीएनए) ठेवा. ही पद्धत मंजुरीनंतर बदलली तर दुरुस्तीचा अर्ज पुन्हा करावा लागतो.

कोणती जनुकं तपासणार तेही नावानिशी लिहा: जिआर्डिया या परजीवीसाठी टीपीआय, जीडीएच आणि बीटा-जिआर्डिन, क्रिप्टोस्पोरिडियमच्या प्रजातीसाठी 18एस, उपप्रकारासाठी जीपी60, ब्लास्टोसिस्टिस या परजीवीसाठी 18एसचा सुमारे 600 बेसचा तुकडा. जिआर्डियात एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर ए आणि बी गटांचा मिश्र संसर्ग निसटू शकतो.

नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवताना यूएन 3373 वर्गाची (तपासणीच्या जैविक नमुन्यांचा वाहतूक वर्ग) तिहेरी बांधणी करा: गळती न होणारी नळी, तिच्याभोवती शोषक कापड आणि गळती न होणारा डबा, वर कडक खोका. परदेशी संस्थेचं सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि नमुना हस्तांतरणाचा करार दोन्ही लागतात. त्यासाठी प्रबंधाच्या वेळापत्रकात वेगळा वेळ धरा.